फुकटाला हिशेब नसतो

गुणाजीतात्या आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त होऊनही कंडक्टरच राहिले. गावच्या दिंडीची वही त्यांच्या हाती आल्यापासून दिंडीचा एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. कोणी किती भिशी भरली, जेजुरीला कांदे कुठल्या भावानं घेतले, ट्रकचं चाक पंक्चर झालं त्याचे किती गेले, आचाऱ्याच्या पोराला चपला घेऊन दिल्या त्या कोणाच्या नावावर, सगळं निळ्या शाईत. रात्री माणसं तंबूत आडवी झाली की तात्या बॅटरीच्या उजेडात वही मांडीवर घेऊन बसत. जमाखर्च जुळल्याशिवाय पाठ टेकत नसत. दिंडीतली पोरं त्यांना मागून 'चेकर' म्हणायची. तात्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

त्याच ट्रकमध्ये तांदळाच्या पोत्यांमागे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात औषधं. वारीत औषधांना तोटा नसतो. आळंदी सोडल्यापासून पंढरपूर येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरकारी पथकं असतात, मेडिकल कॉलेजची पोरं असतात, मंडळं असतात. कोणी पाय चेपून देतं, कोणी चपला शिवून देतं, कोणी गोळ्या वाटतं. वारकऱ्याची सेवा म्हणजे वारीच, ही भावना खरी आहे आणि तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. लोक मिळालेल्यातल्या दोन-चार गोळ्या घ्यायचे आणि उरलेल्या तात्यांच्या डब्यात आणून टाकायचे. एकदा कोणीतरी विचारलं, "तात्या, ह्या कोणत्या खात्यात लिहायच्या?"

"फुकटच्या मालाला हिशेब नसतो," तात्या म्हणाले. "पैसा गेला न्हाई, वहीत आला न्हाई."

दिंडीत यमुनाक्का होत्या. वय सहासष्ट, माळ लहानपणापासूनची, आणि गुडघे दहा वर्षांपासून कुरकुरणारे. झिजेचा संधिवात. सकाळी उठताना पहिली दहा पावलं भिंत धरून, मग हळूहळू यंत्र चालू व्हायचं. बीपी होतंच. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांची बीपीची गोळी बदलून नावाच्या शेवटी 'एच' असलेली दिली. त्या 'एच'चा अर्थ, गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषधही आहे. डॉक्टर म्हणाले होते, "ही रोज चुकवायची नाही, आणि गुडघ्यासाठी दुकानातून मनानं काही घ्यायचं नाही." आक्कांनी पहिलं वाक्य पाळलं. दुसरं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, कारण त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता.

पुण्यात मुक्कामाला भाच्याचं घर. भाचेसुनेनं गरम पाण्यात पाय बुडवायला दिले, आणि निघताना एक आख्खी पट्टी हातात ठेवली. "आत्या, आमच्या आई हीच घेतात. सकाळ-संध्याकाळ एक. बघा कसं पळता ते." आत होतं ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. पोरीनं मायेनं दिली होती. आक्कांनी ती चंचीत सुपारीशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दिवेघाट. माऊलींची पालखी घाट चढते तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. पुणे ते सासवड ही वाटचालीतली सगळ्यांत लांब मजल, तीस किलोमीटरच्या घरातली, आणि तीही उपवासाच्या पोटी. आक्कांनी सकाळी चहाबरोबर एक गोळी घेतली, घाटाच्या पायथ्याशी केळ्याबरोबर दुसरी. गुडघा गप्प बसला. घाटात त्या सुनांच्या पुढे गेल्या. वर पोचल्यावर कोणीतरी म्हणालं, "आक्का, तुम्ही तर तरण्या झाला!" आणि खरोखर तसं वाटत होतं. या गोळ्यांचा हाच पेच आहे. त्या काम करतात. काम न करणारं औषध माणूस दोन दिवसांत फेकून देतो.

आणखी एक गोष्ट बायका पुरुषांपुढे बोलत नाहीत, म्हणून इथं लिहितो. वारीत बायका पाणी कमी पितात. आडोसा मिळेल की नाही, फिरत्या शौचालयापुढं रांग किती असेल, याचा अंदाज घेत घोट घोट पितात. गोळी मागायला कोणाला लाज वाटत नाही, पाणी प्यायला वाटते. आक्कांनी त्या दिवशी घाट चढून सासवडला पोचेपर्यंत सारा मिळून तांब्याभर पाणी प्यायलं असेल-नसेल.

सासवडला दोन मुक्काम. तिथं गुडघ्यांनी घाटाचा वचपा काढला. आक्का जाऊबाईंना, सुशीलाबाईंना घेऊन एका औषधांच्या तंबूत गेल्या. रांग मोठी, पोरं दमलेली. एकानं विचारलं, "आजी, बीपी-शुगर काही?" आक्का म्हणाल्या, "हाय थोडं बीपी." मागून रांग ढकलत होती. 'कोणती गोळी चालू आहे' हा पुढचा प्रश्न त्या गर्दीत राहून गेला. कमरेत एक सुई मिळाली, डायक्लोफेनॅकची, आणि तीन दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत. पुडीवर नाव नव्हतं. पिवळ्या होत्या, एवढंच आक्कांना माहीत. आधीची पट्टी पांढरी. म्हणजे औषध वेगळं, दोन्ही घ्यायला हरकत नाही, असा त्यांचा सरळ हिशेब.

जेजुरीला सचिनची गाठ पडली. हा दिंडीतला एकतीस वर्षांचा पोरगा, पाठीचा कणा बांबूसारखा ताठ धरणारा. त्याला कण्याचा संधिवात आहे, ॲन्किलोझिंग स्पॉन्डिलायटिस. पंचविशीत सुरू झाला. पहाटे अंथरुणातून उठायला अर्धा तास लागायचा, आणि चालू लागला की मोकळं वाटायचं. झिजेच्या दुखण्यापेक्षा हे वेगळं असतं. यात सांध्यांना आतून सूज येते, आणि सूज उतरवणारी गोळी यातलं खरंखुरं, पहिलं औषध असते. सचिन नॅप्रॉक्सेन घ्यायचा, जेवणावर, सोबत पोटाची गोळी, आणि त्याचे संधिवाताचे डॉक्टर ठरावीक महिन्यांनी त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ताची तपासणी, आणि रक्तदाब बघायचे. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात, ओळखपत्राच्या मागं.

आक्कांनी त्याच्या हातात पट्टी बघितली. "बाळा, एक दे की. तुझी भारीतली दिसतीया."

"आक्का, ही माझी हाय. तुम्हाला चालंल का न्हाई मला ठावं न्हाई."

"आरं दुखनं म्हंजी दुखनं. तुझं काय आन माझं काय?"

"मी न्हाई देणार," सचिन म्हणाला. मग थोडा ओशाळून, "माझ्या डॉक्टरांनीच सांगितलंय, ही कुणाला वाटायची न्हाई. तुम्ही बीपीची घेता ना? मग तर न्हाईच."

आक्कांना राग आला. वारीत मागितलेली भाकरी कोणी नाकारत नाही, आणि हे पोरगं एका गोळीला नाही म्हणतंय! रात्री जेवताना त्यांनी सुशीलाबाईंना ऐकू जाईल आणि सचिनलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "एवढी माळ घालून काय उपेग, मन मोठं न्हाई तर." सचिन खाली मान घालून आमटी ओरपत राहिला. दिंडीतल्या पाच-सहा जणांना तेव्हा आक्कांचंच बरोबर वाटलं. मीही त्या पंगतीत असतो तर बहुतेक मलाही वाटलं असतं.

वाल्ह्यात तात्यांनी ती कुरबुर मिटवली. डब्यातून आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची पट्टी काढली आणि म्हणाले, "घ्या वहिनी, आख्खी ठेवा. पोरांच्या नादाला कशाला लागता?" वहीत त्या रात्री लिहिलं गेलं: शेंगदाणे साडेचार किलो, गूळ दोन किलो, खडीसाखर पाव. पट्टी नाही.

नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घातलं गेलं तेव्हा आक्का काठावरच बसून राहिल्या. मळमळत होतं. लोणंदला पावलं सुजली. चालण्यानं सुजली म्हणून सुशीलाबाईंनी तेल चोळलं. लघवीला दिवसातून एकदाच जाणं होत होतं, तेही थोडं आणि गडद. आक्कांना ते सोयीचंच वाटलं. एकदा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, शिवाय वारीत कशाकशाचं खाणं होतं. छातीत जळजळलं म्हणून तात्यांच्या डब्यातली गॅसची गोळी घेतली आणि तिच्या भरवशावर दुखण्याची आणखी एक. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व धावून गेला, टाळ्यांचा कडकडाट झाला. आक्का ट्रकच्या सावलीत डोळे मिटून पडल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी रिंगण चुकवलं नव्हतं, आणि तरीही कोणाच्या मनात पाल चुकचुकली नाही. सगळे म्हणाले, थकल्या.

तरडगाव सोडलं आणि फलटणच्या वाटेवर त्या चालता चालता खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. ओठ कोरडे, बोलणं बरळल्यासारखं. रुग्णवाहिकेतून त्यांना फलटणच्या एका दवाखान्यात नेलं. सोबत सुशीलाबाई, आणि पैशाची पिशवी व वही काखेत मारून तात्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. नाडी, रक्तदाब, जीभ, पावलं बघून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न सुशीलाबाईंना विचारला, आणि तो तात्यांना बाहेर पाठवून विचारला: "शौचाला काळं होतंय का?" दुसरा प्रश्न तात्यांना आत बोलावून: "यांच्याजवळ असलेली प्रत्येक गोळी मला दाखवा. प्रत्येक."

सुशीलाबाईंनी चंची सोडली. सुपारी, कात, अडकित्ता, बुक्क्याची डबी, आणि गोळ्या. मॅडमनी स्टीलच्या ट्रेमध्ये त्या ओळीनं मांडल्या. पांढरी पट्टी, पिवळ्या गोळ्यांची पुडी, डब्यातली पट्टी, बीपीची 'एच'वाली. रस्त्यात कोणा विक्रेत्याकडून घेतलेल्या 'शंभर टक्के आयुर्वेदिक' चूर्णाचीही एक पुडी निघाली. ती मॅडमनी बोटानं बाजूला सारली. म्हणाल्या, "असल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि हेच पेनकिलर मिसळलेले सापडतात. यात काय आहे ते देव जाणे." मग पांढरी, पिवळी आणि डब्यातली, या तिघींवर बोट ठेवलं. "या तिन्ही एकाच घराण्यातल्या. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, काम एकच. आणि यांतल्या दोन पट्ट्यांत पॅरासिटामॉल आहे, ते आणखी दुप्पट होतंय."

तात्या ट्रेकडं बघत राहिले. "म्हंजी एका उतारूला एकाच गाडीची तीन तिकिटं फाडली की हो आम्ही."

"आणि सुशीलाबाई सांगतात ती सुई धरून चार," मॅडम म्हणाल्या. "आता मला सांगा, पहिली कधी घेतली? रोज किती? सुई कोणत्या दिवशी?"

आक्का म्हणाल्या, "लागंल तशी." सुशीलाबाईंना आठवेना. तात्यांनी घाईनं वही उघडली, तारीख सापडेल म्हणून. मॅडमनी ती हातात घेतली. दोन-चार पानं चाळली. दिवसागणिक पानं, शेवटी लाल रेघ, तळाशी तात्यांची सही. "किती सुंदर ठेवलीय," त्या मनापासून म्हणाल्या. "डब्यातली पट्टी कुठल्या पानावर आहे?"

तात्या काही बोलले नाहीत.

रक्ताचा अहवाल आला. चैत्रातल्या शिबिरात आक्कांचं क्रिएटिनिन एक होतं, आता चार पूर्णांक एक, म्हणजे मूत्रपिंडं दमली होती. हिमोग्लोबिनही उतरलेलं, जठरात व्रण होऊन त्यातून रक्त झिरपत होतं. सगळ्या दुखण्याच्या गोळ्या बंद. बीपीची गोळी मॅडमनी स्वतःच्या देखरेखीखाली थांबवली. सलाइन सुरू झालं, पोटासाठी शिरेतून औषध सुरू झालं, लघवी मोजायची पिशवी लागली. सुशीलाबाई रडू लागल्या. तात्या मात्र चिवट माणूस. संध्याकाळी मॅडम फेरीला आल्यावर त्यांनी विचारलं, "गोळी गुडघ्यासाठी घेतली, जाते पोटात. मूत्रपिंडानं काय घोडं मारलं?"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. सरकारी असो की खाजगी, फेरीच्या वेळी खुर्ची ओढून बसणारा डॉक्टर मिळणं हा नशिबाचा भाग.

शरीर एक रसायन बनवतं, प्रोस्टाग्लँडिन. सांध्यात ते सूज आणि ठणका आणतं. ही गोळी ते बनू देत नाही, म्हणून आराम पडतो. ॲस्पिरिन आणि तिची भावंडं असं काम करतात हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ साली दाखवलं. पुढं १९८२ च्या नोबेलात त्याचा वाटा होता. पण तेच रसायन जठराचं अस्तर आम्लापासून राखतं, आणि शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडात रक्त आणणारी नळी उघडी धरतं. गोळीला गुडघ्यातलं कोणतं आणि मूत्रपिंडातलं कोणतं हे कळत नाही. ती सगळीकडचं बंद करते. एरवी तरणाताठा, भरपूर पाणी पिणारा माणूस आठवडाभर गोळी घेतो आणि त्याला बहुधा काही होत नाही. आक्कांचं तसं नव्हतं. बीपीची गोळी मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी नळी सैल ठेवते, म्हणजे आतला दाब आधीच कमी. 'एच' पाणी काढून टाकते. ऊन, घाम, उपवास आणि न प्यायलेलं पाणी यांनी उरलंसुरलं काढलं. अशा वेळी मूत्रपिंडाकडं एकच उपाय उरतो, रक्त आणणारी नळी उघडी ठेवण्याचा. दुखण्याच्या गोळीनं नेमकी तीच आवळली.

"मग गॅसची गोळी घेतली होती ती?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तिनं जठराचं थोडंफार रक्षण होतं. मूत्रपिंडाचं नाही. हृदयाचंही नाही. लोकांना वाटतं तिनं सगळं माफ होतं."

मग त्यांनी तात्यांना विचारलं, "तुमच्या लहानपणी गिधाडं दिसायची?"

"ढिगानं. ढोर टाकलं की तासात हाडं उरायची."

"ती कुठं गेली?"

तात्यांना वाटलं होतं, झाडं तुटली म्हणून गेली. मॅडमनी सांगितलं ते त्यांनी पुढं वर्षभर गावात भेटेल त्याला सांगितलं. जनावरांना ठणक्यासाठी हेच डायक्लोफेनॅक टोचलं जायचं. जनावर मेलं की गिधाडं त्याचं मांस खायची, आणि मांसात उरलेल्या औषधानं त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००४ साली हे कारण जगापुढं आलं, तोवर पांढऱ्या पाठीच्या शंभर गिधाडांतली नव्व्याण्णव संपली होती. २००६ साली भारतानं हे औषध जनावरांसाठी बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या सुईची कुपीही तीन मिलिलिटरवर आणावी लागली. "माणूस म्हणजे गिधाड नव्हे," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला हे औषध चालतं, मी स्वतः रोज लिहून देते. पण ते कुठं मार करतं, हे त्या पक्ष्यांनी आपल्याला दाखवलंय."

त्या रात्री दिंडी फलटणला मुक्कामाला होती. तात्या दवाखान्याच्या पडवीत बसले आणि वहीचं मागचं पान उघडलं. सुशीलाबाईंना एकेक गोष्ट विचारत आठ-नऊ दिवसांचा हिशेब मांडला. पुण्याच्या पट्टीतल्या इतक्या, पुडीतल्या इतक्या, डब्यातल्या इतक्या. आठवणीनं बेरीज आली एकतीस. मग रिकाम्या पट्ट्यांची भोकं मोजली, पुडीतल्या संपलेल्या मिळवल्या. अडतीस. पुन्हा विचारलं, पुन्हा मोजलं. सात गोळ्यांचा मेळ लागेना. कोणी दिल्या, कोणत्या मुक्कामी, दिवसा की रात्री, कुणालाच सांगता येईना. तात्यांच्या वहीत न जुळलेला हिशेब तो पहिला. त्यांनी खाली लाल रेघ मारली नाही.

आक्का सहा दिवसांनी घरी गेल्या, पंढरपूरला नाही. क्रिएटिनिन उतरत आलं होतं; पूर्ववत व्हायला दोन महिने गेले. वेळेत थांबलं म्हणून मूत्रपिंड सावरलं, सगळ्यांचं सावरतं असं नाही. वारी मोडल्याचं दुःख त्यांना मूत्रपिंडापेक्षा मोठं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मायेनं पट्टी देणाऱ्या भाचेसुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही, तात्यांचंही नाही. आषाढी झाल्यावर सचिन प्रसाद घेऊन आला. त्यानं चुरमुऱ्यांची पुडी पुढं केली तेव्हा आक्का म्हणाल्या, "आज देतोयस व्हय रं?" आणि दोघंही हसले. त्या दिवसानंतर आक्का गावात कुठल्याही औषधाबद्दल आधी सचिनला विचारत. तो दर वेळी "मला ठावं न्हाई, डॉक्टरांना विचारा" म्हणायचा, आणि त्या तेवढ्यावर समाधान मानायच्या.

गुडघे मात्र दुखतच होते, त्यांचं काय? तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, हळू खाली आणायचा. मांडीचा पुढचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. आक्कांना हा प्रकार सुरुवातीला पोरखेळ वाटला. त्यांच्या मते दुखण्याला काहीतरी कडू किंवा टोचणारं लागतं. पण संध्याकाळच्या हरिपाठाच्या वेळेला त्यांनी तो जोडून घेतला, आणि दिवाळीपर्यंत जिन्याच्या पायऱ्या हात न धरता उतरू लागल्या. चार किलो वजनही उतरलं. ठणका लागला तर डायक्लोफेनॅकचंच जेल, पण वरून चोळायचं. त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. त्यानं भागलं नाही तर नुसतं पॅरासिटामॉल, चिठ्ठीवर लिहिलेल्या मापानं. पोटातून घ्यायच्या त्या घराण्यातल्या गोळ्या आक्कांसाठी आता बंद, आणि तसं त्यांच्या केसपेपरवर लाल शाईत लिहिलेलं आहे.

पुढच्या वर्षी त्या वारीला आल्या. सपाटीला चालल्या, दिवेघाट ट्रकमधून चढल्या. "ट्रकातनं कसली वारी," असं कोणीतरी म्हणालंच. आक्का काही बोलल्या नाहीत. बाटलीतलं पाणी पीत राहिल्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी बिस्किटांचा डबा ओट्यावर उपडा केला. मुदत संपलेलं, नाव नसलेलं, अर्धं कापलेलं, सगळं वेगळं काढलं. पोतंभर नाही, पण पायलीभर निघालं. ते दुकानदाराला विचारून नष्ट करायला दिलं. उरलं त्यात मलम, ओआरएस, जखमेच्या पट्ट्या, पॅरासिटामॉल, आणि कुलूप. दुखण्याची दुसरी कोणतीही गोळी डब्यात ठेवायची नाही. लागली तर माणसाला डॉक्टरांच्या पथकाकडं न्यायचं, आणि नेताना त्याचं वहीतलं पान न्यायचं. होय, दुसरी वही आली. जुन्या वहीएवढीच, हिरव्या पुठ्ठ्याची. दिंडीतल्या प्रत्येकाचं एक पान. नाव, वय, रोजच्या गोळ्या, बीपी, साखर, हृदय, मूत्रपिंड, कधी जठराचा व्रण झाला होता का, घरच्यांचा फोन. खाली रकाने: तारीख, गोळीचं पट्टीवर छापलेलं नाव, किती, कोणी दिली. पैशाचा रकाना नाही.

पहिल्या दिवशी लोक कुरकुरले. भिशी भरताना एवढं विचारलं नव्हतं, म्हणाले. तात्यांनी कोणालाही सूट दिली नाही. सासवडच्या एका तंबूत रांगेत उभ्या असलेल्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्याला सचिननं हिरव्या वहीचं पान हातात देऊन पुढं पाठवलं. तंबूतल्या पोरानं ते वाचलं आणि त्याला सुई न देता जेलची ट्यूब दिली. म्हाताऱ्याच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसली होती, रोजची ॲस्पिरिन चालू होती, आणि हे त्यानं रांगेत सांगितलं नसतं.

तुमच्याही घरातून यंदा कोणी निघणार असेल, किंवा घरातच कोणी रोज गुडघ्याची गोळी घेत असेल, तर तेवढं एक पान आजच लिहून काढा. सगळ्या पट्ट्या समोर मांडा, त्यांवर बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा, आणि एकाच घराण्यातली दोन नावं किंवा बीपीच्या गोळीशेजारी यांतलं एकही नाव दिसलं, तर पुढची गोळी घेण्याआधी तो कागद डॉक्टरांना दाखवा.